मेजर समरसेनांचे गुप्त धडे

१

मालन पडली तेव्हा तिच्या पुढे कोणीच नव्हतं.

ऑक्टोबरचं ऊन परभणीच्या मैदानावर भाजून काढत होतं. जिल्हा क्रीडास्पर्धेत मुलींची तीन हजार मीटरची शर्यत त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, पहिल्यांदाच ठेवली होती. ती व्हायची होती सकाळी. पण शिट्टी मारणारे किशनराव गुरुजी चुडाव्याहून ज्या पॅसेंजरनं रोज येत, तीच रखडली आणि शर्यत सुरू होईस्तोवर ऊन डोक्यावर आलं. शेवटच्या फेरीत पिंगळीची मालन इतरांना बरंच मागं टाकून येत होती. अचानक तिचे पाय एकमेकांत अडकले. गुडघ्यावर आली, उठली, तिरकी तिरकी गेली आणि फक्कीच्या रेघेवर आडवी झाली.

सुनेत्राबाई सर्वांत आधी तिच्याजवळ पोचल्या. परभणीत मालनच्याच शाळेत त्या मराठी शिकवत. पोरीचा हात त्यांनी धरला, तो तव्यासारखा तापला होता आणि कोरडा होता. एवढं पळून आलेल्या मुलीच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

क्रीडासमितीचे अध्यक्ष अप्पाराव यांनी आपली जीप थेट मैदानात घातली. खेळाच्या सामानाचे दुकानदार बन्सीधर बर्फ घेऊन आले आणि जीपच्या मागच्या बाजूला लोंबकळत सोबत गेले. लाऊडस्पीकरवर समितीतले दत्तोपंत "वाट सोडा, वाट सोडा" असं घसा फोडून सांगत राहिले.

सरकारी दवाखान्यात सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही. कालपासून घोटभर तरी घेतलं होतं का?"

मालननं डोळे किलकिले केले. "न्हाई... धड्यात तसंच लिवलंय. मह्या पिशवीत हायत धडे."

सुनेत्राबाई पुन्हा मैदानावर आल्या. मालनची कापडी पिशवी मंडपाच्या खांबाला टांगलेली त्यांनी सकाळी पाहिली होती. खांब रिकामा होता. शोधल्यावर पिशवी मंडपामागच्या गवतात सापडली. आत भाकरी होती, टॉवेल होता, फणी होती, एस.टी.ला ठेवलेली चिल्लरही जागच्या जागी होती.

धडे मात्र नव्हते.

२

"ते मेजर समरसेनचे धडे व्हते," दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली धुरपताबाई म्हणाली. मालनची ही आई. नवरा वारल्यापासून स्वतः औत धरणारी. "पेपरात जाहिरात आली व्हती. पुण्याचा मेजर, मोठमोठ्या खेळाडूंना शिकवलेला. परदेशातले गुप्त धडे घरपोच. दर महिन्याला व्ही.पी. यायची. कोंबड्या इकून, पोष्टात पैसे भरून सोडवल्या मी."

"शाळेत किशनराव गुरुजी आहेत की. त्यांना का नाही विचारलं?"

"इचारलं ना. ते म्हणले, मी पोरींना शिकवत न्हाई, समितीची परवानगी न्हाई." धुरपताबाईचा आवाज चढला. "आन् आज बगा! पोरगी पडली तव्हा चार परके धावले, तुमी धावल्या, तो दुकानवाला धावला. ह्यो शाळेचा गुरुजी तिथं उभा असून फिरकला न्हाई. पोरगी त्याचं न ऐकता पळाली, त्याचा राग आसंल."

तेवढ्यात अप्पाराव आत आले. माणूस वाईट नव्हता, पण अध्यक्षपदाचा भार त्याला फार वाटे.

"बाई, पोरगी वाचली, देव पावला. पण कमिटीतले लोक म्हणायलेत, बायकांच्या जातीला एवढं लांब पळणं झेपत न्हाई. सोमवारी बैठक हाय. पोरींची ही शर्यत बंदच करावी लागंल."

"ती पळण्यानं पडली नाही, तहानेनं पडली," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आणि तहानेनं पडायला तिला कुणी तरी शिकवलंय."

"पुण्याचा मेजर! आता त्याला कुठं धरता?"

"तो पुण्यात असता, तर आज मंडपातून ते कागद कुणी नेले असते? भाकरी आणि चिल्लर सोडून नुसते कागद नेणाऱ्याला ते कुणाच्या हाती पडू द्यायचे नव्हते. तुमचा मेजर आज आपल्या मैदानावर होता, अप्पाराव."

अप्पारावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "सोमवारपर्यंत सिद्ध करा मंग."

सुनेत्राबाई मालनच्या खाटेशी गेल्या. "धडे गेले. आता काय करायचं?"

"जाऊ द्या की. मला तोंडपाठ हायत." मालननं डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणायला लागली. "शर्यतीच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडावे. सकाळी भिजवलेला हरभरा व गूळ द्यावा. खरखरीत कापडाने अंग रगडून काढावे. पायाच्या नखांना तेल चोळावे. दौड झाल्यावर घाम वाळेपर्यंत पाणी पाजू नये."

"थांब. पुन्हा म्हण शेवटचं."

"घाम वाळेपर्यंत पाणी पाजू नये."

"पिऊ नये, की पाजू नये?"

"पाजू नये. मला बी नवल वाटलं व्हतं. मला कोण पाजणार?"

सुनेत्राबाईंना तो शब्द खटकला. मराठीत माणूस पाणी पितो. पाजावं लागतं ते लेकराला, नाहीतर जनावराला.

"आणखी काही होतं?"

"मागच्या धड्यात खाली हातानं लिवलं व्हतं, फक्त मह्यासाठी. 'तुझी डावी टाच आत पडते, ती सावर.' ते मात्र लय खरं निघालं बाई. टाच सावरली आन् गुडघ्याची कळ थांबली."

"तू त्यांना टाचेबद्दल लिहिलं होतंस?"

"मलाच ठाव नव्हतं, तर काय लिवणार?"

मालनला पळताना पाहिल्याशिवाय हे कोणाला कळणं शक्य नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी शाळेत सुनेत्राबाईंनी आधी किशनरावांना गाठलं. खेळाच्या सामानाच्या खोलीत ते फुटबॉलला ठिगळ लावत बसले होते. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. शाळेतली निम्मी बक्षिसं त्यांच्या पोरांनी आणलेली, पण शाळेबाहेर त्यांचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

"मालन कशी आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"उठून बसली. गुरुजी, तुम्ही काल आला नाहीत तिच्याजवळ."

"गर्दी झाली होती. आणखी एक माणूस वाढून काय उपयोग?"

"हा मेजर समरसेन कोण असेल?"

"असेल पुण्याचा कोणी. लोकांना लांबचं सगळं सोन्याचं दिसतं. कागद गेले ते बरंच झालं म्हणायचं. पोरीला सांगा, शिक्षण करावं, हे खूळ सोडावं."

सुनेत्राबाईंची नजर फळीवरच्या काळवंडलेल्या पितळी ढालीवर गेली. विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, "ही कुठली हो? कधी लक्षच गेलं नाही."

किशनरावांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. त्यांनी ढाल उतरवून बाहीनं पुसली. "ही पंचेचाळीस सालची. गुलबर्ग्याच्या मैदानावर आपल्या शाळेनं चार मैलांची दौड मारली होती. हे बघा, पळणाऱ्याचं नाव भुजंग. नुसतं भुजंग, आडनाव नाही. आता कोणाला आठवतोय तो?"

"तुम्ही तरी आठवण ठेवलीत," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि तासाची घंटा झाली म्हणून उठल्या.

सोमवारची बैठक झाली नाही. नामांतराच्या मोर्च्यांमुळे एस.टी. बंद पडल्या, बाहेरगावचे सभासद येऊ शकले नाहीत. बैठक गुरुवारवर गेली.

सुनेत्राबाईंना हवे होते तेवढे दिवस मिळाले.

४

अप्पारावांचं गाव पोखर्णी. नरसिंहाच्या देवळापलीकडे त्यांचा मळा होता आणि मळ्यात एक पांढरी घोडी. वडील निजामाच्या रिसाल्यात घोडेस्वार होते, त्याची ती हौस उरलेली. मंगळवारी सुनेत्राबाई ओळखीच्या ट्रकमधून तिथं पोचल्या आणि मालनचे धडे जसेच्या तसे त्यांना म्हणून दाखवले.

अप्पाराव आधी गालात हसले, मग खो खो हसायला लागले.

"बाई, हे कुठून आणलं? हे तर मह्या बापाचं पाठांतर! भिजवला हरभरा, खरारा, खुरांना तेल, घाम वाळल्याबिगर पाणी न्हाई. रिसाल्याची किताब हाय ही. घोड्याची!"

"नखांना तेल म्हणजे—"

"खुरांना! माणसाला खूर न्हाईत म्हणून नखं केलं आसंल." त्यांचं हसू थांबलं. "पण आदल्या दिवसापासून पाणी तोडावं असं किताबीत न्हाई. तसं केलं तर घोडंबी पडंल. हे कुणी तरी कडक दिसावं म्हणून पदरचं घातलंय."

"ती किताब तुमच्याकडे आहे?"

"वाळवीनं खाल्ली. पण एका घरात व्हती का ती? रिसाल्यातल्या परत्येक स्वाराकडं आसायची. आन् उर्दूत. मला उर्दूचा अलिफ येत न्हाई. मी मराठी शाळेत शिकलो, बाप वाचायचा, मी ऐकायचो." ते सुनेत्राबाईंकडे रोखून बघू लागले. "मव्हा संशय घ्यायला आल्या व्हत्या ना?"

"आले होते. पण तुम्ही मालनला जीपमध्ये घातलंत आणि रात्रीपर्यंत दवाखान्यात होतात. पिशवी तोवर गवतात पडली होती."

अप्पाराव घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. "म्हंजे मह्या जिल्ह्यातल्या पोरांना कुणी तरी घोड्याचं शास्तर इकायलाय."

"पोरं ते श्रद्धेनं पाळतायत," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मालन एकटीच आहे असं समजू नका."

५

परभणीत बन्सीधरांच्या दुकानाच्या भिंतीवर समरसेनाची छापील जाहिरात अजून होती. मिशीवाल्या लष्करी माणसाचं चित्र, खाली 'यशाचे रहस्य आता तुमच्या हाती'.

"पुण्याहून टपालानं आली, लावा म्हणून. लावली," बन्सीधर चिडून म्हणाले. "मी बूट विकतो बाई, धडे नाही. पोरीसाठी बर्फ आणला त्याचं हे फळ का?"

"उर्दू येतं तुम्हाला?"

"आलं असतं तर वडिलांचे जुने दस्त वाचायला दत्तोपंतांच्या पायऱ्या झिजवल्या असत्या का?"

दत्तोपंत कोर्टातून निवृत्त झालेले अनुवादक. उर्दू, फारसी, मोडी, सगळं वाचणारे. सुनेत्राबाईंनी घोड्याच्या किताबीची हकिकत सांगितली, तशी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे आता संशय माझ्यावर. बरोबर आहे, जिल्ह्यात उर्दू वाचणारा म्हटलं की लोक माझंच नाव घेतात. पण मला एक सांगा, पोरगी पडल्यापासून जीप जाईपर्यंत आणि नंतर बराच वेळ माझा आवाज लाऊडस्पीकरवर चालू होता की नव्हता? पिशवी चोरायला माईक सोडावा लागला असता."

"चालू होता. मी स्वतः ऐकत होते."

"आणि आमच्या वयाचा जो तो निजामाच्या शाळेत गेलेला. पोलीस ॲक्शनच्या आधी चार बुकं शिकला त्याला उर्दू आलंच. कोणी सांगतो, कोणी लपवतो."

तिथून सुनेत्राबाई पिंगळीला गेल्या. मालन अंगणात बसून शेंगा फोडत होती.

"तू सराव कुठं करायचीस, दाखव."

मालननं त्यांना रुळाकडे नेलं. रुळाचा भराव आणि वेड्या बाभळींची दाटी यांच्यामध्ये एक पायवाट होती. "गावातून पळाले की पारावरचे पोरं हसायचे. म्हणून हितं यायची, उजाडताना. हितं कुणीच बगत न्हाई."

सुनेत्राबाई पायवाटेवर उभ्या राहिल्या. एका बाजूला बाभळी. गाव दिसत नव्हतं, सडक दिसत नव्हती. दुसऱ्या बाजूला भराव, त्यावर रूळ.

"उजाडताना गाडी जाते का गं इथून?"

"जाती की. पूर्णेकडून परभणीला जाणारी पॅसेंजर. कधी कधी मी तिच्यासंगं पळायची."

सुनेत्राबाईंना एकदम पितळी ढाल आठवली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या त्यांनी ती फळीवरून उतरवली, उलटसुलट करून पाहिली आणि पदराखाली घेऊन बाहेर पडल्या.

६

गुरुवारी समितीची बैठक शाळेतच भरली. अप्पाराव अध्यक्ष, शेजारी दत्तोपंत, बन्सीधर, गावोगावचे सभासद आणि टोकाला किशनराव. सुनेत्राबाई मालन आणि धुरपताबाईला घेऊन आत आल्या. बायकांना बसायला खुर्च्या नव्हत्या. धुरपताबाईनं कोपऱ्यातला बाक ओढत आणला आणि तिघी बसल्या.

"मालन का पडली ते आधी सांगते," सुनेत्राबाईंनी सुरुवात केली. "तिला घोडा समजून शिकवलं म्हणून पडली. अप्पारावांनी हे ओळखलंय. रिसाल्याचं उर्दू पुस्तक मराठीत उतरवून समरसेन नावाचा माणूस मुलांना विकतो. खुरांची नखं करायला तो विसरला नाही. पण 'पाणी पाजू नये' तसंच राहून गेलं."

कोणी तरी हसलं. अप्पारावांनी त्याच्याकडे बघितलं, हसू थांबलं.

"हा माणूस उर्दू वाचतो. अप्पाराव वाचत नाहीत, बन्सीधर वाचत नाहीत. दत्तोपंत वाचतात, पण पिशवी गेली तेव्हा ते माईकवर होते. समरसेनानं मालनची टाच आत पडते हेही पाहिलंय. मालन ज्या वाटेवर पळायची, ती गावातून दिसत नाही, सडकेवरून दिसत नाही. दिसते फक्त सकाळच्या पॅसेंजरच्या खिडकीतून. आणि मालन पडली तेव्हा सगळे तिच्याकडे धावले, तो एकटा मंडपात राहिला."

एकेक मान टोकाच्या खुर्चीकडे वळली.

"मी पॅसेंजरनं येतो, म्हणून मी चोर?" किशनराव शांतपणे म्हणाले. "त्या गाडीत शंभर माणसं असतात. आणि मला उर्दू येत नाही."

सुनेत्राबाईंनी पदराखालून ढाल काढून टेबलावर ठेवली. "गुरुजी, ही कधीची, कुठली, कोण पळालं, हे सगळं तुम्ही मला वाचून दाखवलंत. दत्तोपंत, बघता जरा?"

दत्तोपंतांनी चष्मा पुसला, ढाल उजेडात धरली आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. "गुलबर्गा... तेराशे पंचावन्न फसली, म्हणजे पंचेचाळीस सालच... भुजंग." त्यांनी मान वर केली. "किशनराव, हिच्यावर एकही अक्षर मराठी नाही."

किशनरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"पुण्यात माझा मेहुणा आहे. तो टपाल सांभाळतो," ते म्हणाले. "किताब चुलत्याची होती. वीस वर्षं मैदानावर ओरडतोय मी. पाणी प्या, झोप घ्या, हळूहळू वाढवा. कोणी ऐकलं? तेच पुण्याचा मेजर म्हटल्यावर हिंगोलीपासून बीडपर्यंत पोरं कान टवकारून बसली."

मालन उठली. अजून तिचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज उतरला नव्हता.

"मंग तुमी मेजरच्या नावानं तेच का न्हाई लिवलं, गुरुजी? पाणी प्या म्हणून? घोड्याचं कामून लिवलं?"

"साधं सांगितलेलं कोण विकत घेतं? लोकांना गुप्त काही तरी लागतं. कडक लागतं."

"मह्या टाचेचं तर तुमी साधंच लिवलं व्हतं. ते एकटंच खरं निघालं. म्हंजे तुमाला येतंय. येत असून तुमी मला मैदानावर उभं राहू दिलं न्हाई, आन् टपालानं इष पाजलं."

किशनरावांची मान खाली गेली. "मुलींना शिकवलं असतं तर समितीनं काढलं असतं मला. आता कसंही करा, पण बाहेर जाऊ देऊ नका. नोकरी जाईल माझी."

"मव्हा जीव जायला व्हता," मालन म्हणाली.

"मिटवून घेऊ," एक सभासद पुटपुटला. "शाळेची अब्रू..."

"मिटत नाही," सुनेत्राबाई ताडकन म्हणाल्या. "आत्ता या घटकेला कोण कोण पोरं कोरड्या घशानं पळतायत, आपल्याला ठाऊक नाही. ज्या पेपरात जाहिरात आली त्यात गुरुजींनी स्वतःच्या नावानं द्यायचं, की समरसेन म्हणजे मी, धडे खोटे आहेत, पाणी प्या. आजच. त्यानंतर फौजदाराकडे."

"मी नेतो त्यांना," दत्तोपंत उठत म्हणाले. "चला किशनराव. मजकूर तुम्ही लिहा. शुद्धलेखन बाई तपासतील."

ते दोघं दारापर्यंत गेले तेव्हा किशनराव थांबले. त्यांना मालनला काही सांगायचं होतं असं दिसलं. मालननं तोंड फिरवलं. ते गेले.

आता बैठकीचा मूळ विषय उरला. अप्पारावांनी घसा खाकरला. "पोरगी पळण्यानं पडली न्हाई, हे मान्य. पण उद्या शर्यत ठेवली आन् दुसरी एखादी पडली, तर जबाबदार कोण?"

धुरपताबाई बाकावरून उठली. पुरुषांच्या बैठकीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती, पण तिनं पदरसुद्धा सावरला नाही.

"पडली तर उचलू. तुमचे पोरं कुस्तीत पडत न्हाईत का? त्यांचे हात मोडत्यात, दात पडत्यात. कुस्ती बंद केली का तुमी? मह्या लेकीला पाडलं एका गुरुजीनं, आन् सजा समद्या पोरींना? हे कोणत्या कोर्टातलं बाप्पा?"

अप्पारावांनी सभासदांकडे बघितलं. सगळे टेबलाकडे बघत होते.

"शर्यत पुन्हा घ्यायची," ते म्हणाले. "पहाटे, गार वेळेला. आन् मैदानात पाण्याचे रांजण भरून ठेवायचे, मी सोता ठेवतो."

किशनरावांचा मजकूर छापून आला. शाळेनं त्यांना घरी बसवलं, खटला पुढे बरीच वर्षं चालला. हिंगोलीकडचा एक बाप पेपर हातात घेऊन सुनेत्राबाईंना भेटायला आला. त्याच्या मुलानं दोन दिवस पाणी तोडलं होतं. तो नुसता हात जोडून उभा राहिला.

शर्यत दिवाळीनंतर झाली. पोखर्णीच्या, चुडाव्याच्या, पूर्णेच्या मुली आल्या, काही जणी बापाला न सांगता आल्या. मालन पहिली आली आणि विभागीय स्पर्धेला औरंगाबादला गेली. तिथं शहरातल्या मुलींना काट्यांचे बूट होते, शिकवायला माणसं होती. मालन चौथी आली.

ती परतली त्या दिवशी सुनेत्राबाई तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेल्या. काय बोलून समजूत घालावी याचा त्या वाटभर विचार करत होत्या. डब्यातून उडी मारून उतरलेल्या मालननं त्यांना बोलूच दिलं नाही.

"बाई, अख्ख्या मराठवाड्यात आता मह्या म्होरं तिघीच राहिल्यात," ती म्हणाली. "उद्यापासून सराव कुठं करायचा ते सांगा. आता मैदानातच करणार."